पियानोखालची परात

आमच्या शेजारच्या बाई मूळच्या पोलंडच्या. तरुणपणी युरोपातल्या मोठमोठ्या सभागृहांत त्यांनी पियानो वाजवला. तिकडे शिकायला गेलेल्या नगरच्या डॉक्टरांशी लग्न केलं आणि इथे आल्या. मग मुंबईत अधूनमधून कार्यक्रम, बाकी सगळं आयुष्य शिकवण्यात. मराठी सासूकडून उचललेली, त्यामुळे बोलणं अजून सासूच्या खेड्यातलं.

यंदा मे महिन्यात त्या पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात जाताना किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "झाडं वाळली तर वाळू दे. पियानोखालच्या परातीत पानी पायजे, रोज." आपल्याकडच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं, तारा ढिल्या पडतात, म्हणून ती परात.

आठवडाभर मी भरली. मग डेंग्यूच्या तपासणीला आरोग्य खात्याच्या ताई आल्या आणि साठवलेलं पाणी ओतून द्या म्हणाल्या. मी पिंपाबरोबर परातही पालथी घातली. असा कोरडा दिवस आठवड्यातून एक असतो. मी महिनाभर पाळला.

बाई वॉकर धरून घरी आल्या आणि आधी पियानो उघडला. मधल्या सगळ्या पट्ट्या बेसूर, खालच्या तेवढ्या सुरात. काय केलं ते मी सांगून टाकलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मुलाने बजावलं होतं, शिकवणं जमणार नसेल तर घर बंद करून माझ्याकडे जर्मनीला ये. बाईंना इथून हलायचं नव्हतं, आणि त्याच संध्याकाळी तो फोनवरून त्यांचं वाजवणं ऐकणार होता.

"आता काय करायचं, बाई?"

"तू गप बस. लई डोकं चालवलंस."

फोन आला. तो त्यांनी स्पीकर लावून पियानोवर ठेवला, उजवा हात मांडीवर घेतला आणि एकट्या डाव्या हाताने खालच्या पट्ट्यांवर वाजवू लागल्या. ऐंशीच्या पुढचं वय. मला त्यातलं काही कळत नाही, पण हातातली मेथी निवडायची थांबले.

वाजवून झालं तसा पलीकडून मुलाचा आवाज आला.

"आई, उजव्या हातालाही लागलंय का?"

"न्हाई. पियानो बिघडलाय."

"आणि तू?"

"मी कुठं बिघडले? ऐकलंस न्हवं?"

तो हसला. नगरचंच पोर ते. "व्हय, ऐकलं. पुण्याच्या ट्यूनरला मी फोन करतो. तू ऱ्हा तिथंच."

बाईंनी फोन बंद केला, चष्मा पुसला.

"पोरींना सांग, सोमवारी या. ट्यूनर येईस्तोवर डावा हात शिकवते."