मी टिक करणार नाही

कॉम्प्युटरला माझा विरोध होता, असं आमच्या खात्यात अजून बोललं जातं. ते खोटं आहे. चारकोपच्या ज्या सरकारी दवाखान्यात मी एकवीस वर्षं नर्स आहे, तिथली रेकॉर्डची खोली मी स्वतः झाडलेली आहे. वाळवी लागलेले केसपेपर, उंदरांनी कुरतडलेल्या वह्या. इथून मोठ्या हॉस्पिटलात पाठवलेला पेशंट तिथे पहिल्यापासून सगळं सांगत बसायचा आणि त्याचं रक्त पुन्हा काढलं जायचं. म्हणून माणसाला एकच नंबर आणि सगळ्या सरकारी दवाखान्यांत एकच रेकॉर्ड, अशी योजना आली तेव्हा ट्रेनिंगला सगळ्यांत आधी नाव मी दिलं.

जुने केसपेपर कॉम्प्युटरवर चढवायला ऑपरेटर मुली आल्या. प्रत्येक नोंदीखाली ‘तपासले’ असा चौकोन होता. त्यात टिक नर्सने करायची, टिक झाली की कागद रद्दीच्या पोत्यात. सुरुवातीला मी एकेक कागद स्क्रीनशी ताडून बघत होते. मग वरून फोन सुरू झाले. आज किती झाले, उद्या किती होणार. मीही पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्यांवर एकदम टिक करू लागले. हे मी लपवत नाही.

गोराईची एक मासेवाली आमची जुनी पेशंट. बोटीने खाडी ओलांडून ती चारकोपच्या बाजारात बसते. एके दिवशी सकाळी ती कमरेत उसण भरून, भिंतीला धरत धरत आली. डॉक्टर नवीन होत्या, हुशार आणि कामाला चटपटीत. त्यांनी स्क्रीन बघून विचारलं, ‘‘शुगरच्या गोळ्या चालू आहेत ना?’’

‘‘मना कसली शुगर?’’ ती म्हणाली.

‘‘इथे लिहिलंय, मावशी. तपासून घेऊ.’’ डॉक्टरांनी दुखण्याचं इंजेक्शन लिहून तिला माझ्याकडे पाठवलं.

मी सिरिंज भरली. तिने माझ्या हाताकडे बघितलं आणि हळूच विचारलं, ‘‘बाय, तीच सुई नाय ना?’’

ती तीच होती. सहा वर्षांपूर्वी याच खोलीत मी तिला हेच इंजेक्शन दिलं होतं. पाच मिनिटांत तिचे ओठ सुजले, श्वास अडकला, आणि ॲम्ब्युलन्समध्ये मी तिचा हात धरून बसले होते. परत आल्यावर तिच्या केसपेपरवर मी लाल पेनाने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, हे इंजेक्शन देऊ नये.

सिरिंज ट्रेमध्ये ठेवून मी स्क्रीन बघायला गेले. ॲलर्जी : नाही. खाली ‘तपासले’, आणि पुढे माझं नाव.

झालं होतं ते साधं होतं. चारकोपच्या सेक्टरमध्ये राहणारी, त्याच नावाची, त्याच आडनावाची, त्याच वयाची दुसरी बाई आमची पेशंट होती. तिला शुगर. कॉम्प्युटरने दोघींना एकच बाई समजून जोडून टाकलं होतं. मी फरशीवर बसून पोती सोडली. तिसऱ्या पोत्यात लाल अक्षरांचा कागद सापडला. डॉक्टरांना दाखवला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला.

‘‘सिस्टर, मी स्क्रीनवर विश्वास ठेवला.’’

‘‘ठेवणारच. टिक माझी होती.’’

त्या दिवशी मी ठरवलं, यापुढे पेशंट समोर असल्याशिवाय टिक नाही, आणि पोती हलणार नाहीत. मी ती इंजेक्शनच्या शेजारच्या खोलीत ठेवली आणि दाराला कुलूप लावलं. आठवड्याभरात वरचे साहेब आले.

‘‘बाकी सगळ्या दवाखान्यांचं काम झालं. तुमचंच अडलंय,’’ ते म्हणाले.

‘‘त्यांचं काय झालंय, ते कोणी बघितलंय का?’’

‘‘एखादी चूक होते, सिस्टर. नंतर दुरुस्त करता येते.’’

‘‘सुई टोचल्यावर कशी करणार?’’

‘‘तुम्ही फक्त टिक करा. जबाबदारी माझी.’’

‘‘तसं लिहून द्या, आत्ता करते.’’

त्यांनी लिहून दिलं नाही. मेमो मात्र आला, कामात अडथळा आणल्याचा. सोबतची सिस्टर म्हणाली, ‘‘कशाला पंगा घेतेस गं? थोडी वर्षं राहिलीत तुझी.’’ मला राग आला नाही. तीही घाबरलीच होती. मी उत्तरात पन्नासच्या गठ्ठ्यांचं सगळं कबूल केलं, लाल अक्षरांच्या कागदाची झेरॉक्स आणि स्क्रीनची प्रिंट शेजारी शेजारी जोडली, आणि शेवटी लिहिलं की न बघितलेल्या कागदाखाली माझं नाव पुन्हा येणार नाही.

पुढचे दोन-तीन महिने रोज ओपीडी संपल्यावर मी आलेल्या पेशंटना समोर बसवून त्यांचे कागद वाचून दाखवत होते. चुकीने जोडलेल्या आणखी नोंदी निघाल्या. एका आजोबांच्या नावावर बाळंतपण होतं. त्या दोन बायकाही एकाच दिवशी समोरासमोर आल्या. सेक्टरवाली म्हणाली, ‘‘म्हणजे माझी शुगर तुम्हाला दिली होती काय?’’ दोघी पोट धरून हसल्या, आणि मग बोंबलाच्या भावावरून त्यांची घासाघीस सुरू झाली.

यथावकाश परिपत्रक निघालं. सारख्या नावांच्या नोंदी पेशंटला विचारल्याशिवाय जोडायच्या नाहीत, ॲलर्जीचा रकाना रिकामा सोडायचा नाही. त्यात माझा किंवा आमच्या दवाखान्याचा उल्लेख नव्हता. मेमो कोणी मागे घेतला नाही. त्या वर्षीच्या माझ्या गोपनीय अहवालात शेरा पडला, ‘सहकार्याची वृत्ती कमी’. युनियनचे लोक म्हणाले, हरकत घ्या, खोडून मिळेल. मी अर्ज केला नाही. शेरा बरोबर आहे. त्या कामात मी सहकार्य केलं नाही, आणि तसलं काम पुन्हा समोर आलं तर पुन्हा करणार नाही.