वाळू वाहील तिनेच बोलावं

इकडे परदेशात, मिल्टन गावच्या हिवाळ्यात, ऊब दोनच ठिकाणांहून मिळते, घरातल्या फर्नेसपासून आणि माझ्या चुलत आत्याच्या रागापासून. आणि त्यातली फर्नेस अधूनमधून बंद पडते. आत्याचा राग मात्र गेलेला मी कधी पाहिला नाही. बर्फ काढणारी पालिकेची गाडी तिच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी ढीग लावून गेली, की ती सपाता घालूनच बाहेर धावते आणि ड्रायव्हरचा अस्सल कोल्हापुरीत उद्धार करते. तो बिचारा हसून हात हलवतो, त्याचा तिला आणखी राग येतो. पण खास राखून ठेवलेला राग असतो तो पाण्यासाठी. नातू नळ चालू ठेवून दात घासताना दिसला, की आत्या सरळ बेसमेंटमध्ये उतरते आणि अख्ख्या घराचं पाणी बंद करते. एकदा त्याच वेळी सून डोक्याला शाम्पू लावून उभी होती. ती वरून किंचाळतेय, "आई, मी शॉवरमध्ये आहे!" आणि आत्या खालून विचारतेय, "नदी किती लांब असते, चालून बघितलंयस कधी?"

ही नदी केनियातली. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, साखर कारखान्यातले इंजिनिअर. नोकरीनिमित्त ते तिकडे गेले आणि आत्याने उमेदीची वर्षं तिथल्या एका खेड्याशेजारी काढली. गावात पाण्याची सोय नव्हती. मुली शाळा बुडवून नदीवरून पाणी आणत, बायकांचा निम्मा दिवस त्यातच जाई. मग शेतात राबायचं कधी आणि बाजारात विकायचं काय? सरकारची वाट बघून कंटाळलेल्या बायकांनी शेवटी आपला गट केला. आधी हिच्या घरी, मग तिच्या घरी, अशा पाळीपाळीने त्या पावसाच्या पाण्यासाठी सिमेंटची टाकी बांधायच्या, आणि वाळू सगळ्याजणी डोक्यावरून वाहायच्या. आत्याही त्यांच्यात घुसली. तिची मान धरली, कपड्यांची वाट लागली, पण तिथेही तिने भांडण उकरून काढलंच. गावप्रमुखाची बायको स्वतः न येता मोलकरणीला पाठवायची आणि बैठकीत मात्र सर्वांत जास्त बोलायची. आत्याने उभं राहून सुनावलं, "जी वाळू वाहील तिनेच बोलावं." बायकांना ते इतकं पटलं की त्यांनी त्याचा नियमच करून टाकला.

यंदा दिवाळीनंतर आमच्या मराठी मंडळाला समाजसेवेची उबळ आली. अध्यक्ष सॉफ्टवेअरवाले, स्लाइडशिवाय त्यांना बोलता येत नाही. त्यांनी पडद्यावर काळी प्लास्टिकची टाकी दाखवली. तिच्यावर भगव्या अक्षरांत मंडळाचं नाव, लांबून वाचता येईल असं. अशा टाक्या आत्याच्या त्या गावाला पाठवायच्या, अट एवढीच, की प्रत्येक बाईने टाकीशेजारी हात जोडून उभं राहून काढलेला फोटो पाठवावा. हात जोडून! माझंच डोकं सणकलं, मग आत्याचं काय विचारता.

"काकू, रिलॅक्स," अध्यक्ष म्हणाले. "त्यांना फ्री मिळतंय ना? मग प्रॉब्लेम काय आहे?"

"प्रॉब्लेम तू आहेस!" आत्या कडाडली. "फुकटची टाकी दारात आली की उद्या शेजारणीसाठी वाळू कोण वाहील? एवढ्या कष्टाने उभा राहिलेला गट तू एका फोटोसाठी मोडणार? लाज कशी वाटत नाही रे तुम्हाला?"

बेत तिथेच बारगळला. परतताना गाडीत आत्या जिंकल्यासारखी ताठ बसली होती.

रविवारी सकाळी ती केनियातल्या मैत्रिणीला, गट चालवणाऱ्या अचिएंगला, फोन करते. स्वाहिलीत आणि ओरडून, कारण अंतर लांबचं असलं की आवाजही मोठा लागतो अशी तिची समजूत आहे. त्या रविवारी मी समोरच चहा घेत होतो. आत्याने मोठ्या दिमाखात सगळी हकिगत सांगितली. पलीकडून उत्तर येत गेलं, तसा तिचा आवाज खाली खाली येत गेला. शेवटी तिने फोन ठेवला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"चिडली माझ्यावर. म्हणाली, टाक्या नको असत्या तर आम्ही नको म्हटलं असतं. नाहीतर शाळेला दिल्या असत्या. परस्पर नाही म्हणणारी तू कोण? आम्हाला विचारलंस?" आत्या उगाच टेबल पुसू लागली. "म्हणाली, तू वाळू वाहायची कधीच सोडलीस."

"हा शुद्ध कृतघ्नपणा आहे!" मी उसळलो.

"गप रे. माझाच नियम आहे तो. बरोबर बोलली ती."

गेल्या महिन्यात अध्यक्षांनी पुन्हा स्लाइड लावली. आता त्याच गावाला हिवाळ्याची जुनी जॅकेटं पाठवायची होती. विषुववृत्तावर! मी आत्याकडे पाहिलं, तर ती मांडीवर हात ठेवून स्वस्थ बसलेली. मग मीच उठलो आणि तावातावाने बोलू लागलो, की त्या बायकांना हे असलं काही नको आहे, त्यांना हा अपमान वाटेल. आत्याने माझी बाही ओढली.

"बस खाली," ती हळूच म्हणाली. "त्यांना विचारलंस?"

मी बसलो. अध्यक्षांनी पुढची स्लाइड लावली. मला आत्याचा भयंकर राग आला होता, आणि तिने पूर्वीसारखं माझ्यावर खेकसावं म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.