गणूचे शेलापागोटे

बाजाराचा दिवस होता. दुकानात गर्दी, मी गुळाची ढेप फोडत होतो, आणि कापडे गावाहून आलेल्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने मीठ मागता मागता सहज सांगितलं, "आमचं गुरुजी गेलं, शेट. परवाच्या दिशी. ताप डोक्यात गेला." मी विचारलं, "कोण गुरुजी?" विचारलं खरं, पण कापड्याच्या वरच्या वाडीला गुरुजी एकच होता, हे मला ठाऊक होतं. म्हातारा म्हणाला, "गणपत गुरुजी. तुमच्याच वर्गातलं ना?" होय, माझ्याच वर्गातला... मी हातोडी खाली ठेवली आणि मागच्या खोलीत जाऊन पोत्यांवर बसलो. आमच्या अकराजणांच्या मॅट्रिकच्या वर्गातला हा पहिला गेला, आणि गेला तो नेमका आमच्यातला सगळ्यांत काटक.

या गोष्टीला आता सात-आठ आठवडे झाले. गणपत गुरुजींवर लिहिणारे पुष्कळ निघतील. लोकल बोर्डातले लोक बोलतील, पोलादपूरला शोकसभाही झाली म्हणे. मी किराणा विकणारा माणूस, मला गुरुजींबद्दल काय कळणार! पण गुरुजी होण्याच्या आधीचा गणू मला ठाऊक आहे आणि त्याच्याबद्दलची एक गोष्ट माझ्या मनात बारा-तेरा वर्षं काट्यासारखी सलते आहे. ती सांगायची तर आमच्या सबंध वर्गाचीच हजेरी घ्यावी लागेल.

गणूची वाडी डोंगरात. बाप मुंबईला गिरणीत, आई भाताची खाचरं एकटीने ओढणारी. इंग्रजी शाळेसाठी त्याला महाडात लांबच्या मामाकडे ठेवलेला. शनिवारी शाळा सुटली की हा पायी निघायचा आणि सोमवारी सकाळी प्रार्थनेच्या आत परत हजर. पायात काही नाही, खांद्यावर तांदळाची पिशवी. बोलायचा कमी. पण बाकावर बसल्या बसल्या त्याचे डोळे सगळ्या वर्गावरून फिरत असायचे, आणि कोणाचं काय हे त्याला बिनचूक कळायचं. त्याच्या वाडीतून मॅट्रिकला बसणारा तो पहिलाच. आई म्हणे भेटेल त्याला सांगायची, "आमचा गणू यंदा मुंबईला परीक्षेला जानार हाय." परीक्षा म्हणजे काय हे त्या माउलीला ठाऊक नव्हतं, पण मुंबई ठाऊक होती.

आमच्या शाळेत शेवटच्या वर्गाने निरोपाच्या संमेलनात शेलापागोटे वाचायची पद्धत होती. प्रत्येक मुलावर दोन-चार खोचक ओळी, नाव घालायचं नाही, ऐकणाऱ्यांनी ओळखायचं. त्या वर्षी ते काम आम्ही एकमताने गणूवर टाकलं. त्याने काय काय लिहिलं होतं ते मला अजून पाठ आहे. नदीपलीकडून येणारा वासू रोज उशिरा यायचा आणि रोज होडीवर ढकलायचा. त्याच्यावर गणूने लिहिलं, 'याची होडी आठवड्यातून तीनदा बुडते, पण दप्तर कधी भिजत नाही.' हसनचे वडील बोटीवर खलाशी, त्यामुळे तो येता-जाता परमुलखातल्या बंदरांची नावं फेकायचा. त्याच्यावर, 'याला एडन ठाऊक, मोंबासा ठाऊक. फक्त महाडहून पोलादपूरला जायचं तर वाट विचारावी लागते.' दत्तूला दुसऱ्याचे डबे फार आवडत. 'हा भाकरीचा नुसता वास घेऊन सांगतो की त्या घरी काल पाहुणा कोण आला होता, आणि पाहुण्याच्या वाटणीचं आज स्वतः खातो.' आमच्या वर्गातल्या संस्कृतच्या पंडिताला, बंडूला, उघड्या डोळ्यांनी झोपायची विद्या साधली होती. 'हा रामाचा शब्द चालवत झोपतो, द्विवचनाला घोरतो आणि घंटेला जागा होतो.'

आणि माझ्यावर... सांगतो, त्याच्याचसाठी तर लिहायला बसलोय. त्याच वर्षी दिवाळीनंतर शाळेची सहल रायगडावर गेली होती. पहिलं वळण चढून गेल्यावर मी खाली पाहिलं मात्र, पाय असे लटपटायला लागले की पुढचं पाऊल उचलेना. मी तिथेच बसकण मारली आणि पाय मुरगळल्याचं जाहीर केलं. गणूने मला धरून खाली हिरकणीवाडीत आणलं, एका घराच्या ओट्यावर बसवलं, ताक मागून दिलं. मी दुसरा पेला संपवेपर्यंत तो समोर उभा होता. मग म्हणाला, "विन्या, पाय नाय मुरगळला तुझा." मी मान खाली घातली. "बस हितंच. मी कोनाला नाय सांगत." आणि वर पळाला, ते सगळ्यांच्या आधी महादरवाजात. शब्द त्याने पाळला. फक्त शेलापागोट्यांत एक ओळ टाकली, 'गडाच्या पायथ्याशी ज्याचा पाय मुरगळतो आणि ताकाच्या दुसऱ्या पेल्याला बरा होतो, असा एक वीर आमच्यात आहे.'

संमेलनात हे वाचलं गेलं असतं तर हसून विषय संपला असता. पण गणूने एक घोटाळा केला. प्रिलिमिनरीच्या परीक्षेत भूमितीचा पेपर त्याने लवकर आटोपला आणि उरलेल्या वेळात पुरवणीच्या कोऱ्या कागदांवर शेलापागोटे लिहून काढले. बाहेर एवढा चांगला कागद त्याला कुठे मिळणार? घंटा झाली, दोऱ्याने पुरवण्या बांधायची घाई झाली, आणि या शहाण्याने शेलापागोटे उत्तरपत्रिकेला बांधून दिले. सोडवलेली प्रमेयं खिशात घालून घरी आला. रात्री जेवताना खिशात हात घातला तेव्हा त्याला कळलं.

भूमिती आम्हाला खुद्द हेडमास्तर शिकवत. करडा माणूस, कधी हसलेला आम्ही पाहिला नव्हता. मॅट्रिकच्या फॉर्मवर वर्तणुकीचा दाखला त्यांच्या सहीचा लागायचा आणि त्या सहीवाचून मुंबई नाही. दोन दिवसांनी ते वर्गात आले, हातात गणूची पुरवणी. एकेक ओळ सरळ आवाजात, हजेरी घेतल्यासारखी वाचली. कोणी हसायची छाती केली नाही. मग म्हणाले, "ज्याच्यावर जे लिहिलंय त्याने उभं राहून सांगायचं, खरं की खोटं. सगळं खरं असेल तर या मुलाची नजर चांगली आहे एवढंच मी म्हणेन, आणि सही करीन. पण सोबत्यांबद्दल खोटंनाटं लिहिणाऱ्याला चांगल्या वर्तणुकीचा दाखला मी देणार नाही." वासू उठला, "खरं आहे, सर. होडी बुडत नाही." हसन उठला, "खरं आहे." दत्तू उठला, आणि एवढ्या धाकातही म्हणाला, "खरं आहे, पण भाकरी मी अर्धीच खातो." बंडूला मात्र शेजाऱ्याने कोपराने ढोसून उठवावं लागलं. मग सगळ्या वर्गाच्या माना माझ्याकडे वळल्या.

माझे वडील शाळेच्या कमिटीवर होते. महाडचा मुलगा आणि गडाला घाबरतो, ही बातमी संध्याकाळच्या आत पेठेत गेली असती. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "खोटं आहे, सर. माझा पाय खरंच मुरगळला होता." हेडमास्तरांनी गणूकडे पाहिलं. "काय रे?" गणूने एक शब्द बोलायचा होता. हिरकणीवाडीच्या ओट्यावरची गोष्ट सांगितली असती तर मी तोंडघशी पडलो असतो आणि त्याचा फॉर्म सहीनिशी मुंबईला गेला असता. तो माझ्याकडे बघत राहिला... आणि म्हणाला, "असंल, सर. माझी चूक झाली असंल." हेडमास्तरांनी पुरवणीची घडी घातली. "प्रमेयात एक पायरी चुकली की सिद्धता गेली," म्हणाले आणि वर्गाबाहेर पडले.

त्या वर्षी आम्ही दहाजण दासगावाहून होडीने बाणकोटला आणि तिथून आगबोटीने मुंबईला गेलो. गणू वाडीला गेला. सांगायला लाज वाटते, पण मी इंग्रजीत गचकलो. म्हणजे ज्या परीक्षेला माझ्यामुळे मित्र मुकला, ती मला पासही होता आली नाही. वडिलांनी तराजू हातात दिला, तो अजून हातात आहे. रिकाम्या बसलेल्या गणूने वाडीतल्या वाघजाईच्या देवळात पोरं गोळा करून अक्षरं गिरवून घ्यायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी हेडमास्तरांनी स्वतः निरोप धाडून त्याला बोलावलं आणि सही दिली. गणू पहिल्या फटक्यात पास झाला. मुंबईत कारकुनी मिळत होती, बापाने खोलीसुद्धा बघून ठेवली होती. पण गणू निकाल घेऊन सरळ देवळात परत गेला, कारण मधल्या वर्षात पोरं कखगघ ओलांडून पुढे आली होती आणि त्यांना आता धडा वाचायचा होता. पुढे बोर्डाने शाळेला मान्यता दिली, देवळामागे मातीच्या भिंतींची खोली उभी राहिली, आणि गणू गणपत गुरुजी झाला.

शाई आणि खडू न्यायला तो माझ्या दुकानात यायचा. सुरुवातीची काही वर्षं नाही, पण नंतर नेमाने. बाकावर बसून चहा घ्यायचा, पोरांच्या गमती सांगायचा. एकदा मी धीर करून सुरुवात केली, "गणू, त्या दिवशी वर्गात मी..." त्याने खडूचा डबा उघडला आणि म्हणाला, "हे ओले लागतात रे. उन्हात घाल, नायतर फळ्यावर उमटनार नायत." मी खडू उन्हात घातले. विषय तिथेच राहिला, आणि मी स्वतःची समजूत घातली की आज नाही तर पुढच्या खेपेला बोलू. पुढची खेप, पुढची खेप, करता करता कापड्याचा म्हातारा दुकानात आला...

गेल्या पंधरवड्यात मी वाडीला जाऊन आलो. गणू असताना एकदाही गेलो नव्हतो. सोबत शाईच्या पुड्या घेतल्या होत्या, रिकाम्या हाताने जाववेना. कापड्यापासून वरची वाट शाळेतल्या तीन-चार पोरांनी दाखवली. वर पोचलो तर खोलीतून पाढे ऐकू येत होते. गणूची बायको, पार्वतीवहिनी, पोरांपुढे बसल्या होत्या. लग्न झालं तेव्हा त्यांना अक्षर येत नव्हतं. गणूने शिकवलं आणि आता त्या चौथीला त्रैराशिक घालत होत्या. बोर्डाने नवा मास्तर येईपर्यंत त्यांनाच शाळा चालवायला सांगितलं आहे, आणि वाडीतले लोक म्हणतात, नवा कशाला हवाय?

मधल्या सुट्टीत मी त्यांना सगळं सांगितलं. गड, ताक, हेडमास्तर, सगळं. म्हणालो, "वहिनी, गणूचं एक वर्ष मी खाल्लं." त्या पदराने कपाळ पुसत म्हणाल्या, "भावजी, ते मला ठावं हाय. राग हुता त्यांना. लई वर्सं हुता. महाडला गेले तरी तुमच्या दुकानावरनं तोंड फिरवून जायाचे."  मी विचारलं, "मग गेला कसा राग?" वहिनी हसल्या. "पोरं वाढली, शाई लागाय लागली. म्हनाले, राग धरून काय शाई मिळनार नाय. एकदा तुमच्या हितं बसून चहा पिऊन आले नि म्हनाले, विन्या चांगला हाय गो, निस्ता भित्रा हाय." एवढं ऐकलं आणि बारा-तेरा वर्षं दाबून ठेवलेलं रडू मला आलं, पोरांसमोर.

वहिनी म्हणाल्या, "तुम्ही पाव्हने, तुमच्यावर लिवनार आता पोरं. गुरुजींची रीत हाय." शाळेत कोणीही परका आला की पोरांनी त्याला नीट बघायचं आणि पाटीवर चार ओळी लिहायच्या, तपासणीचे साहेबसुद्धा सुटले नाहीत. मला वाटेत भेटलेल्या पोरांतली यमू नावाची एक चिमुरडी पाटी घेऊन उभी राहिली. एकेका शब्दावर बोट ठेवत तिने वाचलं, "पाव्हने दुकानवाले हायत. त्यांच्या बोटांना गुळाचा वास येतो. ते वाटेत दोनदा बसले. आमाला म्हनाले, देखावा बघतोय. देखावा नव्हता. धुकं हुतं."

 सगळी पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि वहिनीसुद्धा.

मी उठून उभा राहिलो. "खरं आहे, यमू," मी म्हणालो, "देखावा नव्हता. मला उंचावरून खाली बघायची भीती वाटते. शाळेत होतो तेव्हापासून वाटते."

पोरं जी खो खो हसायला लागली ती थांबेनात. वहिनींनी यमूची पाटी घेतली आणि खडूने तिच्यावर बरोबरची मोठी खूण केली. उतरताना यमूने माझा हात धरला होता, आणि या खेपेला मी कुठेही बसलो नाही.