मालकाचं नाव

आरोपीचा वकील माझ्या मायचं वाक्य वाचून हसला.

वरचं कोर्ट. मी मागच्या बाकावर बसलेली. तो पाठमोरा, हातात लातूरच्या खटल्यातली मायची साक्ष. बाकी सगळं इंग्रजीत बोलत होता, पण हे वाक्य त्याने मुद्दाम मराठीत वाचलं, आमच्यासारखा हेल काढून. "नाव म्या न्हाई सांगितलं सायेब. मालकाचं नाव म्या कसं घेईन?"

त्याच्या मागे बसलेले दोन तरुण वकील फिस्सकन हसले. माझे कान तापले. उठून त्याच्या हातातला कागद हिसकावा असं वाटलं. बसून राहिले.

मग तो पुन्हा इंग्रजीत शिरला. मी नांदेडला नर्सिंग शिकते, तेवढं मला कळतं. आईने नाव सांगितलं नाही. मुलीनेही सांगितलं नाही. मग फिर्यादीत नाव आलं कुठून? पोलिसांनी घातलं.

ती मुलगी मी. तेव्हा नऊ वर्षांची.

देवणीच्या पुढे आमचं गाव. बाप सालगडी, आणि आम्ही मालकांच्या शेतातल्या आखाड्यावरच, गोठ्याला लागून असलेल्या खोपटात राहायचो. मालकाचं नाव घ्यायचं नाही, ही आमच्या घरची रीत. थोरले मालक, धाकटे मालक, एवढंच. बांधापलीकडे त्यांच्या चुलत्याचा आखाडा होता, तिथेही एक धाकटे मालक होते. आमचा कधी घोटाळा झाला नाही. कोण कुणाबद्दल बोलतंय ते शेतातल्या सगळ्यांना कळायचं.

मला गोठ्यात नेलं ते आमच्या धाकट्या मालकाने. पुढचं मी इथे लिहिणार नाही. खालच्या कोर्टात पडद्याआडून एकदा सांगितलं, तेवढं बस झालं. तिथेही मी 'धाकटे मालक' एवढंच म्हणाले, आणि पडद्यापलीकडच्या माणसाला ओळखायला मला कुणी सांगितलं नाही.

ठाण्यात जमादाराने मायला विचारलं, "कोन?" माय म्हणाली, "आमचे धाकटे मालक." जमादार त्याच भागातला. त्याला कळलं आणि त्याने नाव लिहिलं. खटल्यात मायला मालकाच्या वकिलाने नेमकं तेच विचारलं, की नाव तू सांगितलंस का? माय हात जोडून उभी होती. तिने खरं ते सांगितलं. सरकारी वकिलाने पुढे एवढंच विचारायचं होतं, बाई, कुठले मालक, कुणाच्या आखाड्यावरचे? तो घड्याळ बघत होता.

तरी खालच्या कोर्टातल्या जज्जबाईंनी माझं ऐकलं. अंगावर जखमा नसल्या तरी पोरीचं बोलणं खरं वाटतं आणि तेवढं पुरेसं आहे, असं त्यांनी लिहिलं. धाकटा मालक आत गेला.

वरच्या कोर्टाने सोडला. पोर खोटं बोलते असं त्यांनीही म्हटलं नाही. झालं ते झालं असेल, पण धाकटे मालक दोन, त्यामुळे ते याच माणसाने केलं हे शंकेपलीकडे सिद्ध होत नाही म्हणे. संशयाचा फायदा. मायने पिढ्यान् पिढ्यांची अदब पाळली आणि त्या अदबीचा फायदा त्याला मिळाला.

तो आला ते वाजतगाजत. हलगी, गुलाल, उघडी जीप. आता आम्ही गावात पत्र्याच्या घरात राहतो. माय दारात तूर पाखडत होती. जीप दिसली तशी सूप खाली ठेवून, डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली.

जीप आमच्याच दारासमोर थांबवली त्याने. "बरी हाय का पोरगी?" मायला म्हणाला. "झालं गेलं इसरा. म्या काय मनात ठिवलं न्हाई."

त्याने मनात ठेवलं नाही!

मायने हात जोडले. माझ्या मायने. त्याला. ते जोडलेले हात बघितले आणि मी जीपपुढे येऊन उभी राहिले.

"विश्वंभर," मी म्हणाले.

आमच्या घरातल्या कुणाच्या तोंडून ते नाव पहिल्यांदाच बाहेर पडलं असेल. हलगी वाजतच होती, म्हणून पुन्हा ओरडले. "विश्वंभर! तू केलंस. तुझ्या गोठ्यात, माझ्यासोबत, तू."

हलगी थांबली. गुलालाखालचा त्याचा चेहरा उतरलेला मी डोळे भरून बघितला. खोटं कशाला बोलू, लई गोड वाटलं.

जीपमधला एक म्हातारा खेकसला, "तोंड सांभाळ पोरी, मालक हायेत." बापाने मला दंडाला धरून आत ओढलं. माय मागोमाग आत आली. "काय करायलीस गं? गावात ऱ्हायचं हाय आपल्याला."

"तू घे नाव," मी म्हटलं.

तिने मान हलवली. मी तिला सोडलं नाही. तेव्हापासून सुट्टीला घरी आले की मी तिला समोर बसवते आणि म्हणायला लावते. कधी ती रडते. कधी अर्धंच म्हणते. मला दया येत नाही. त्या अदबीने आमचं वाटोळं झालंय.

लातूरला एक वकीलबाई भेटल्या. त्यांनी मायची साक्ष पहिल्यापासून वाचली. त्याच साक्षीत माय म्हणालीय, "माजा नवरा ज्यांच्याकडं सालगडी, ज्यांच्या आखाड्यावर आमी ऱ्हायचो, त्यांचेच धाकटे मालक." बांधापलीकडचे नाहीत. वकील ज्यावर हसला ते वाक्य सगळ्यांनी वाचलं, हे कुणी वाचलं नाही. साक्ष अख्खी वाचायची असते, बाई म्हणाल्या. दिल्लीला अपील टाकलंय.

लोक म्हणतात, पोरी, न्याय माग, सूड नको. मला सूड हवाय. कायद्याने मिळणारा, पण सूडच. तो तुरुंगात म्हातारा झालेला मला बघायचाय. आणि दिल्लीतही हरले तर बसस्टँडवर, बाजारात, लग्नाच्या मांडवात, तो दिसेल तिथे मी त्याला नावाने हाक मारीन आणि त्याने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगेन. तो गाव सोडून गेला तर जाईल त्या गावात जाऊन सांगेन.