रात्रीच्या वांग्यांची धिरडी

आमच्या घरी रात्रीची उरलेली भाजी सुनेची असते. हे मला कुणी सांगितलं नाही. लग्नानंतर दुसऱ्याच सकाळी सासूने बाकीच्यांना गरम वरण-भात वाढला आणि माझ्या ताटलीत रात्रीची वांग्याची भाजी टाकली, तेव्हा कळलं. त्याला अकरा वर्षं झाली. सासूचा मला राग आहे. तो मी इथे लिहिते, कारण तोंडाने मला बोलता येत नाही. चौथीपर्यंत शाळेत गेले, तिथेही बाईंनी विचारलं की उत्तर येत असूनही मी खाली बघायची.

तशीच शिळी भाजी खायला मला किळस यायची. म्हणून मी ती कुस्करून तांदळाच्या पिठात कालवू लागले. कांदा, हिरवी मिरची, ओवा, मूठभर चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर. वांगं रात्रभरात चांगलं मुरलेलं असतं, देठ तेवढे काढायचे. पीठ फार पातळ केलं तर धिरडं तव्याला धरून बसतं. कडेने तेल सोडायचं आणि झाकण ठेवायचं. वास सुटला की नवरा चुलीजवळ येऊन बसायचा, मग नणंद, मग सासू. सासूने पहिलं धिरडं खाल्लं आणि म्हणाली, "शिळ्याचं सोंग हाये नुसतं." आणि दुसरं घेतलं. तेव्हापासून रोज सकाळी धिरडी सगळ्यांची झाली आणि मला गंजाला, म्हणजे पातेल्याला, लागलेलं पीठ खरवडून एखादं मिळायचं. अड्याळच्या बाजारात बायका भेटल्या की सासू म्हणायची, "माह्या हातचे धिरडे खाऊन पाहा एकदा." तिने त्यासाठी कधी तवासुद्धा उचलला नव्हता.

आमचं घर तलावात मासे धरणाऱ्यांचं. जाळ्यात येणारे बारीक झिंगे, म्हणजे कोळंबी, आम्ही कौलांवर वाळवतो, डब्यात भरतो आणि वांग्याच्या भाजीत मूठभर टाकतो. त्यांना इथे कुणी मासोळी म्हणत नाही. मीठ टाकावं तसे ते टाकतात आणि विसरतात.

गेल्या उन्हाळ्यात नणंदेला बघायला एकोडीहून पाहुणे यायचे होते. ती अठ्ठावीस वर्षांची. आधी दोन जण बघून गेले, त्यांनी निरोपही पाठवला नाही. हे स्थळ मात्र तिला फार हवं होतं. मुलाचं साकोलीला मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि ती त्याच्याशी चार वेळा फोनवर बोलली होती. त्या दिवसांत ती मला नीट "वहिनी" म्हणून हाक मारायची. एरवी ती आईचीच मुलगी.

त्या सकाळी सासूने मला नणंदेसमोर सुनावलं. "पाहुण्याइसमोर तोंड उघडू नोको. तुह्या तोंडातून शब्द निघत नाही, अन् निघला त कामाचा निघत नाही. मुकी सून हाये समजतीन, समजू दे." नणंद वेणी घालता घालता हसली.

पाहुणे दुपारी जेवायला येणार होते, ते सकाळी दहालाच आले. मुलाचे वडील आणि आत्या. मुलाला आई नव्हती, आत्यानेच वाढवलेला, म्हणजे होकार तिचाच. नवरा अजून भाजी घेऊन परतला नव्हता. चुलीवर माशाचा रस्सा नुकताच चढला होता आणि गंजात धिरड्यांचं पीठ कालवलेलं होतं.

आत्याच्या गळ्यात तुळशीची माळ होती. बसल्या बसल्याच ती म्हणाली, "मासोळीचा वास येऊन राहिला बाई. मले चालत नाही वो. माळ घेतली तवापासून भांडंही वेगळं हाये माह्यं."

"नाही नाही, ते बाप्या मानसाइसाठी," सासू म्हणाली. "तुमच्यासाठी वांग्याचे धिरडे करतो ना. माह्या हातचे."

ती आत आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "रस्सा उतरव. धिरडे टाक लवकर."

पीठ रात्रीच्या भाजीचं होतं. भाजीत झिंगे मी टाकले होते, डबा तिनेच काढून दिला होता. मी म्हणाले, "आई..."

"सकाळी का सांगतलं तुले? तोंड बंद."

मी तोंड बंद केलं. इथे मला खोटं लिहायचं नाही. तिचा हात धरता आला असता, गंजाकडे बोट दाखवता आलं असतं. मी तेल सोडलं आणि धिरडं पसरलं. कडा कुरकुरीत होऊ दिल्या, अशा की आत्याने आणखी मागावं.

तिने मागितलं. "का टाकलं वो यात? लयच मस्त लागून राहिलं."

"काही नाही, वांगे अन् कांदा," सासू म्हणाली. "माह्या मायनं शिकोलं मले."

तिसऱ्या धिरड्याला आत्या थांबली. दातात अडकलेलं काहीतरी नखाने काढून तिने दाराच्या उजेडात धरलं. झिंग्याचं डोकं होतं, मिशीसकट.

"हे का होय?"

मुलाच्या वडिलांनी वाकून पाहिलं. "झिंगा होय," ते हळूच म्हणाले.

"सुनेनं टाकला असन," सासू म्हणाली.

"सुनेवर कायले लोटता? आताच त म्हणत होत्या, माह्या हातचे होय म्हणून."

मग सासू जे बोलली ते फक्त आमच्याच घरचं माणूस बोलेल. "अवो, झिंगा म्हंजे का मासोळी होय का? तेवढं त चालते."

आत्या उठली. अंगणात जाऊन तिने चार वेळा चूळ भरली. "एका घासात मले फसवलं. पोराले जनमभर का करतीन? चाल भाऊ."

ते गेल्यावर सासूने पिठाचा गंज माझ्या अंगावर फेकला. पीठ पदरावरून खाली ओघळत होतं आणि मला आनंद होत होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिचा खोटेपणा तिच्याच तोंडाने बाहेर आला होता.

मग नणंद आली. साडीच्या पिना अजून लावलेल्याच होत्या. "वहिनी, तुले मालूम होतं?"

"हाव," मी म्हणाले.

"आईचा राग होता त आईच्या ताटात काहाडाचा होता. माह्यावर कायले काहाडला?"

मी पदरावरचं पीठ बोटांनी निपटून गंजात टाकू लागले.

एकोडीहून पुन्हा निरोप आला नाही. सासू आता धिरड्यांचं नाव काढत नाही. रात्रीची भाजी कोंबड्यांना जाते. सासूसाठी मला अजूनही वाईट वाटत नाही. तिच्यावर पुन्हा तशीच वेळ आली तर मी पुन्हा गप्प राहीन. नणंद मात्र माझ्या हातचं खात नाही. स्वतःचा भात वेगळा मांडते आणि माझ्याकडे पाठ करून जेवते.

दोन महिन्यांपूर्वी तिला बघायला दुसरे पाहुणे येणार होते. पहाटेपासून तिने एकटीने सगळा स्वयंपाक केला, मला मीठसुद्धा हातात घेऊ दिलं नाही. ते यायच्या आधी मला म्हणाली, "तू तलावावर जाय. बोलावलं का येजो."

मी तलावाच्या पाळीवर, बांधावर, जाऊन बसले. ऊन डोक्यावर आलं, मग उतरलं. बोलवायला कुणी आलं नाही, तेव्हा मीच घरी आले. भांडी घासून पालथी घातलेली होती.

होकार आला. मला तो शेजारणीकडून कळला.