चालवणाऱ्याच्या बाजूची स्प्रिंग

माझी सोळा वर्षांची जुनी गाडी वळणावर झुलायला लागली, म्हणून अड्याळच्या एका मिस्त्रीकडे नेली. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. त्यानं बॉनेटवर दोन्ही तळवे ठेवून गाडी दाबली, सोडली आणि ती किती वेळ हलते ते बघत राहिला. मग मागे जाऊन उकिडवा बसला.

"चालवणाऱ्याच्या बाजूची स्प्रिंग जास्त बसली हाये. एकटेच फिरता का जी?"

मी नुसतं "हो" म्हणालो. बायको जाऊन चार वर्षं झाली, हे त्याला सांगितलं नाही.

संध्याकाळी नव्या स्प्रिंगा, नवे शॉकअप बसवून झाले. "तुमी चालवा, मी बाजूले बसतो. गाडी कशी चालून राहिली ते बाजूवाल्यालेच समजते."

डावीकडच्या सीटचा पट्टा न वापरून आखडून गेला होता. त्यानं तो हळूहळू ओढून काढला आणि दारावर हात ठेवून डोळे मिटले. प्रत्येक वळणानंतर तो "बरी हाये" म्हणायचा.

कालव्याच्या पुलापर्यंत जाऊन परतायचं ठरलं होतं. पूल आला. गाडी अगदी सरळ चालली होती, तपासायला काही उरलं नव्हतं. तरी मी ती वळवली नाही.

त्यानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"अजून थोडं पाहून घेऊ जी," म्हणाला आणि पुन्हा डोळे मिटले.