फोटोतला सावळा

वावर गावचा सावळा जव्हारच्या स्टँडवरून जीप चालवतो. बसला की ढेरी स्टेअरिंगला टेकते. ब्याण्णव साली कुपोषणाने आमच्याकडची पोरं गेली, तेव्हा एका पेपराने याचाही फोटो छापला आणि खाली लिहिलं, 'दोन दिवसांत मृत्यू'. बाकीची पोरं खरंच गेली. सावळा मात्र जगला. मोठेपणी त्याने एका पत्रकाराला तसं सांगूनही पाहिलं, तर "चेष्टा करू नका, विषय गंभीर आहे," असं त्यालाच ऐकावं लागलं.

दर वर्षी कुणीतरी त्या मेलेल्या पोराचं घर बघायला येतं आणि गाडी नेमकी सावळाचीच करतं. एवढ्या खड्ड्यांतून दुसरा येतोय कशाला? तो मुकाट्याने पाहुण्यांना स्वतःच्याच दारात उतरवतो.

यंदा मुंबईच्या एक बाई आल्या. मी इथला मास्तर, म्हणून मध्ये बोलायला बसलो. बाईंनी आधी सावळाला कॅमेऱ्यासमोरून हटवलं. "फक्त घरची माणसं हवीत!" मग त्याच्या आईला, जिजाबाईला, हळूच विचारलं, "आज तो असता तर काय करत असता?"

जिजाबाईने अंगणात पाहिलं. "काय करल? टायर बदलतोय ना." आणि हाक मारली, "सावळ्या, हात धू, जेवाया ये!"

बाईंचे डोळे भरले. मी चिडून तोंड उघडलं, तर त्यांनी मला हातानेच गप्प केलं आणि वहीत लिहिलं, 'आईला अजूनही भास होतात.'

भासाने नाचणीच्या चार भाकऱ्या खाल्ल्या आणि बाईंना जव्हारला सोडलं.